जुनं कॉमिक हातात आलं की किंमत विचारायच्या आधी काय बघायचं

"तीस-पस्तीस वर्षं जुनं कॉमिक आहे माझ्याकडे, किती येतील?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठलं आणि कितवा नंबर, आणि बऱ्याचदा उत्तर येतं, "एक्स-मेन नंबर 1, 1991 चं, एकदम कोरं करकरीत, पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाहीये." झालं मग. त्या अंकाच्या 80 लाखांवर कॉप्या निघाल्या, पाच वेगवेगळ्या कव्हरांत, आणि घेणाऱ्या कितीतरी लोकांनी हाच हिशोब केला की जपून ठेवू, पुढे सोनं होईल. सगळ्यांनीच जपलं म्हटल्यावर दुर्मिळ काय राहणार, डोंबल?

आता ॲक्शन कॉमिक्स नंबर 1 घ्या. कव्हरवर जून 1938, किंमत 10 सेंट, सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अंक. साधारण दोन लाख छापले होते आणि आज शंभरेक उरले असतील असा जाणकारांचा अंदाज. बाकीचे गेले कुठे? पोरांनी वाचले, गुंडाळून खिशात कोंबले, मित्राला दिले ते परत आलेच नाहीत, आयांनी साफसफाईत फेकले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. पुढे काही ठिकाणी तर मुलं बिघडतात म्हणून लोकांनी कॉमिक्सच्या होळ्या पण पेटवल्या. त्यातून वाचलेली एक कॉपी, 8.5 ग्रेडची, म्हणजे अवस्थेला 10 पैकी साडेआठ गुण मिळालेली, एप्रिल 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेली.

म्हणजे तेव्हा कोणाला पर्वा नव्हती आणि आज सगळ्यांना हवंय, अशा कॉमिकला भाव. दोन्ही लागतं बरं का. 1940 च्या दशकातली प्राण्यांची गमतीदार कॉमिक्स आज शोधून सापडत नाहीत, पण शोधतंय कोण?

तर हातात जुनं कॉमिक आलं की मी कुठल्या क्रमाने बघतो ते सांगतो. किंमत सगळ्यात शेवटी, कारण आकडा आधी डोक्यात शिरला की डोळे त्याला हवं तेच बघतात.

पहिलं, हे नक्की काय आहे ते ठरवा. कव्हर बघून ठरवू नका. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी नाहीतर कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात प्रकाशकाचा मजकूर असतो, त्याला इंडिशिया म्हणतात, तिथे अंकाचं खरं नाव, नंबर, महिना, वर्ष सगळं असतं. आणि कव्हरवरचा महिना हा विक्रीला आल्याचा महिना नसतो, दोन-तीन महिने पुढचा टाकायचे म्हणजे अंक स्टँडवर जास्त दिवस ताजा दिसायचा. जून 1938 वालं ॲक्शन एप्रिलमध्येच आलेलं. हे माहीत नसलं की लोक तारखांवरून उगाच भांडत बसतात.

मग रीप्रिंटची शंका घ्या, अगदी घ्याच. 1974 मध्ये सुपरमॅनची प्रकाशक कंपनी डीसी, तिनेच ॲक्शन नंबर 1 ची मोठ्या आकाराची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती, आतलं सगळं हुबेहूब, जाहिरातींसकट, वरून वेगळं जाड कव्हर ज्यावर फेमस फर्स्ट एडिशन असं लिहिलेलं. ते बाहेरचं कव्हर काढून टाकलं की आत जे उरतं ते बघून भलेभले गडबडतात, किंमत 10 सेंट, तारीख 1938, सगळं जागच्या जागी. यावर उपाय काय? फूटपट्टी. त्या काळचं खरं कॉमिक साधारण पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच, ही मोठी आवृत्ती साधारण दहा इंच रुंद आणि साडेतेरा इंच उंच. एका मिनिटाचं काम आहे पण फोटोवरून खरेदी करताना आकार कळत नाही, म्हणून मी विकणाऱ्याला सरळ सांगतो की बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठव. टाळाटाळ करायला लागला की मी पण टाळतो. अमेझिंग स्पायडर-मॅन नंबर 1 ची 1966 ची एक आवृत्ती गोल्डन रेकॉर्ड नावाने गाण्याच्या तबकडीसारख्या रेकॉर्डसोबत यायची, तिच्या कव्हरवर 12 सेंट ही किंमतच नाहीये, तेवढ्यावरून ओळखू येते. टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स नंबर 1, 1984 चं, पहिली छपाई फक्त 3,000, त्याच्या तर चक्क नकली कॉप्या फिरतात, तिथे स्वतःच्या डोळ्यावर भरवसा न ठेवलेला बरा.

दुसरं, हे कोणाला आणि का हवंय. सगळ्यात मोठं कारण म्हणजे एखादं पात्र पहिल्यांदा येणं, कलेक्टर लोक फर्स्ट अपिअरन्स म्हणतात आणि असे महत्त्वाचे अंक म्हणजे 'की इश्यू' (key issue). डिटेक्टिव्ह कॉमिक्स नंबर 27, मे 1939, बॅटमॅन. शोकेस नंबर 4, ऑक्टोबर 1956, नवा फ्लॅश, तिथून सिल्व्हर एज, म्हणजे सुपरहिरोंच्या पुनरागमनाचा काळ, सुरू झाला असं धरतात. अमेझिंग फँटसी नंबर 15, ऑगस्ट 1962, स्पायडर-मॅन. पण "पहिल्यांदा" म्हणजे काय यावर सुद्धा मारामारी आहे हं. वुल्व्हरीन पहिल्यांदा दिसतो इनक्रेडिबल हल्क नंबर 180 च्या अगदी शेवटच्या पॅनलमध्ये, पण कलेक्टर लोकांनी ठरवून टाकलंय की खरं आगमन 181 मध्ये, जिथे तो पूर्ण अंकभर आहे. तर्काने बघितलं तर 180 आधी, पण बाजार तर्काने चालत नाही, लोकांना कुठलं भिंतीवर लावावंसं वाटतं त्याने चालतो, आणि 181 च्या कव्हरवर वुल्व्हरीन आहे. संपला वाद.

कव्हर हे दुसरं कारण, आणि माझ्या मते लोक त्याला कमी लेखतात. कॅप्टन अमेरिका कॉमिक्स नंबर 1, मार्च 1941, त्यावर कॅप्टन हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतोय, आणि हे अमेरिका युद्धात उतरायच्या आधीचं! सस्पेन्स कॉमिक्स नंबर 3, 1944 चं, आत कुठलंही नावाजलेलं पात्र नाही, निव्वळ चित्रकार ॲलेक्स शॉम्बर्गच्या कव्हरसाठी लोक वेडे होतात. तसंच 1954 च्या आधीच्या हॉरर कॉमिक्सचं. त्या वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये कॉमिक्सवर सुनावणी झाली, तिथे क्राइम सस्पेन्सस्टोरीज नंबर 22 चं कापलेल्या मुंडक्याचं कव्हर दाखवून प्रकाशकाला धारेवर धरलं, आणि त्याच वर्षी कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेली नियमावली, आला आणि असल्या चित्रांचा कारभार आटोपला. जे बंद पडलं तेच आज हवंय, माणसाचा स्वभावच आहे तो.

सिनेमाची बातमी आली की भाव चढतात, हे खरं आहे पण त्याच्या मागे धावू नका. बातमी येते तेव्हा चढतात आणि पिक्चर थिएटरला लागेपर्यंत बहुतेक वेळा उतरायला लागलेले असतात. ज्याने आधीच घेऊन ठेवलंय त्याचा फायदा, आपण बातमी वाचून धावलो तर आपण त्याचं गिऱ्हाईक.

तिसरं, पानं मोजा. हसू नका, मी स्वतः इथेच आपटलोय. हल्क 181 मलाही हवं होतं, एका विकणाऱ्याकडे कव्हर छान चकचकीत, कडा बऱ्या, किंमत जरा कमीच, मला वाटलं नशीब उघडलं. घरी आणलं, दोन दिवस नुसता कव्हरकडे बघत बसलो, तिसऱ्या दिवशी उघडून वाचायला घेतलं तर वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक व्यवस्थित कापलेली चौकोनी खिडकी, त्यातून मागचं पान दिसतंय. त्या काळात हल्कची प्रकाशक कंपनी मार्व्हल 'व्हॅल्यू स्टॅम्प' म्हणून छोटी चित्रं छापायची, पोरांनी कापून अल्बममध्ये चिकटवायची, आणि 1974 मधल्या कुठल्यातरी पोराने आज्ञाधारकपणे कात्री चालवली होती. त्याचा काय दोष, त्याला कंपनीनेच सांगितलेलं. पण तेवढ्या एका चौकोनामुळे किंमत धाडकन खाली येते, आणि विकणाऱ्याने आतल्या पानांचा एकही फोटो टाकला नव्हता हे मला तेव्हा खटकलं पाहिजे होतं, खटकलं नाही, कारण मला ते हवंच होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते असं.

तेव्हापासून मी प्रत्येक पान उलटतो. सिल्व्हर आणि त्याच्या पुढच्या ब्राँझ एजच्या साध्या अंकात कव्हर सोडून 32 पानं असतात, म्हणजे 16 कागद, 1930 च्या शेवटी-शेवटीच्या अंकात 64 पानं. मधला जोडकागद, सेंटरफोल्ड, पिनांमधून सुटून हरवलेला असू शकतो आणि गोष्ट वाचल्याशिवाय ते कळतसुद्धा नाही. कूपन कापलेत का बघा, कुठल्या कोड्यात पेनाने उत्तरं भरलीत का बघा. दुसऱ्या फाटक्या कॉपीतून पान काढून इथे बसवलंय का तेही बघा, त्याला मॅरीड पेज म्हणतात, बाजूच्या पानापेक्षा रंग वेगळा वाटला किंवा पिनांची भोकं जुळत नसली की संशय घ्यायचा. कव्हरची वरची पट्टी गायब असेल तर ती बहुधा विक्रेत्यानेच फाडलेली, न खपलेला अंक परत पाठवायच्या ऐवजी नुसती पट्टी पाठवून पैसे वळते करून घ्यायचे तेव्हा.

आता अवस्था, म्हणजे कंडिशन, आणि इथे जरा वेळ काढा कारण सगळा पैशाचा खेळ इथे आहे. ग्रेड 0.5 पासून 10.0 पर्यंत. अमेझिंग फँटसी 15 ची 9.6 ची कॉपी सप्टेंबर 2021 मध्ये 36 लाख डॉलरला गेली, तोच अंक, तीच गोष्ट, फाटक्या अवस्थेत हजारांच्या घरात. वरच्या टोकाला 9.4 आणि 9.6 मधला फरक नुसत्या डोळ्याला दिसत पण नाही आणि किंमत मात्र दुप्पट होऊ शकते, मला हे थोडं हास्यास्पद वाटतं, पण नियम मी केलेले नाहीत.

हात धुवून पूर्ण कोरडे करा, टेबलावर स्वच्छ कागद पसरा, जवळचा दिवा एका बाजूने तिरपा पडेल असा ठेवा. समोरून प्रकाश पडला की दोष लपतात, तिरप्या प्रकाशात कव्हर म्हणजे नकाशा होतो, बोटांचे खड्डे, कोणीतरी वर कागद ठेवून लिहिलेल्याचे ठसे, सगळं उठून दिसतं. आधी पाठीचा कणा बघा. पिनांच्या आसपास आडव्या बारीक पांढऱ्या रेघा असतात, स्पाइन टिक, प्रत्येक वेळी अंक उघडताना शाई तडकल्याच्या त्या खुणा. मग अंक सपाट ठेवून बघा, पाठ एका बाजूला वळलेली असेल तर आधीच्या मालकाने वाचताना कव्हर मागे दुमडून धरलं होतं. मधोमध वरपासून खालपर्यंत उभी घडी असेल तर तो पोस्टाने आलेला वर्गणीदाराचा अंक, घडी घालूनच पाठवायचे. पिनांना गंज चढलाय का, आणि चढला असेल तर गंज कागदात उतरलाय का. कडेला तपकिरी पट्टा असेल तर तो अंक कितीतरी वर्षं ढिगात थोडा बाहेर सरकलेला राहिला आणि तेवढाच भाग धूळ-उजेड खात बसला. कव्हरवर पेन्सिलीने तारीख लिहिलेली असेल तर घाबरू नका, माल आल्याची तारीख विक्रेते तशी लिहायचे, मला तर ती आवडते.

मग पानं. ही कॉमिक्स स्वस्तातल्या लाकडी लगद्याच्या कागदावर छापलेली, त्यात लिग्निन आणि आम्ल, त्यामुळे कागद आतूनच स्वतःला खात असतो. पांढरा, मग किंचित मळका, मग सायीसारखा, मग तपकिरी आणि शेवटी ठिसूळ, पापडासारखा. ठिसूळ झालं की कोपऱ्याला हात लावला तरी चुरा पडतो आणि त्यावर इलाज नाही. नाकाचा पण उपयोग करा, जुन्या कागदाचा वास असायचाच, पण कुबट ओलसर वास आला तर बुरशी आहे, बाकीच्या संग्रहाजवळ तो अंक ठेवू पण नका.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुरुस्ती. कॉमिक फार छान दिसतंय आणि वय ऐंशी, तर आधी आनंद नको, संशय घ्या. उडालेल्या रंगावर कोणी मार्करने रंग भरला असेल तर कव्हर उलटून आतल्या पांढऱ्या बाजूने बघा, शाई झिरपलेली दिसते. कडा जरा जास्तच सरळ आणि ताज्या वाटल्या तर मोजा, खराब कडा कापून टाकतात लोक, ट्रिमिंग, आणि एक-दोन मिलिमीटर कमी भरतं. सीजीसी ही ग्रेडिंग कंपनी 2000 पासून हे काम करते, तटस्थपणे ग्रेड देऊन कॉमिक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते, त्याला स्लॅब म्हणतात, आणि दुरुस्ती केलेल्या कॉमिकला जांभळं लेबल लावते, साध्याला निळं. तेच कॉमिक, तोच आकडा, पण जांभळं लेबल म्हटलं की बरेच कलेक्टर हात मागे घेतात. एक विसंगती बघा, कॉमिक दाबून सुरकुत्या घालवणं, प्रेसिंग, हे दुरुस्तीत धरतच नाहीत, ते सर्रास चालतं. मला हे अजून पटलेलं नाही.

म्हणून, घरात सापडलेल्या अंकाला सुधारायला जाऊ नका. फाटलंय म्हणून चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. खोडरबर नको, ओलं फडकं तर नकोच नको.

काही वेळा तोच अंक, तोच महिना, पण छोटासा फरक आणि किंमत कुठच्या कुठे. मार्व्हलने 1977 मध्ये 30 सेंटचे अंक काही मोजक्या भागात 35 सेंटला विकून बघितले, लोक घेतात का ते चाचपायला. स्टार वॉर्स नंबर 1 आणि आयर्न फिस्ट नंबर 14 ची ती 35 सेंटवाली कॉपी साध्या कॉपीपेक्षा कैक पट महाग. पण नुसता 35 आकडा बघून नाचू नका, स्टार वॉर्सच्या रीप्रिंटवर पण 35 सेंटच छापलंय. खऱ्या कॉपीवर किंमत चौकोनात आहे आणि खालच्या बारकोडच्या चौकटीत बारकोडच्या रेघा आहेत, रीप्रिंटमध्ये किंमत हिऱ्याच्या आकारात येते किंवा ती चौकट रिकामी असते.

कॉमिक कोणाकडून आलं याला पण पैसे मिळतात. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एडगर चर्च नावाच्या चित्रकाराने 1930 च्या दशकापासून हजारो कॉमिक्स घेऊन कपाटात घट्ट ढीग करून ठेवली होती, कोरडी हवा, अंधार, वरून वजन, त्यामुळे 1977 मध्ये ती बाहेर आली तेव्हा पानं पांढरीशुभ्र. आज त्या संग्रहातली कॉपी माइल हाय म्हणून ओळखतात आणि त्याच ग्रेडच्या दुसऱ्या कॉपीपेक्षा जास्त मोजतात. हॉलिवूडचा नट निकोलस केज याचं ॲक्शन नंबर 1 2000 मध्ये चोरीला गेलं, 2011 मध्ये सापडलं आणि त्याच वर्षी 21 लाख 60 हजार डॉलरला विकलं गेलं.

ठेवायचं कसं म्हणाल तर त्या एडगर चर्चसारखंच, थंड, कोरडं, अंधारात. मायलर म्हणजे पॉलिएस्टरची पिशवी, मागे आम्लविरहित पुठ्ठा, खोक्यात उभं, ना फार घट्ट ना वाकेल इतकं सैल. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातून निघणारं रसायन कव्हरला चिकटतं. माळ्यावर ठेवू नका असं मी सगळ्यांना सांगत आलोय, आणि मग नोव्हेंबर 2025 मध्ये सुपरमॅन नंबर 1 ची 9.0 ची कॉपी 91 लाख 20 हजार डॉलरला गेली जी उत्तर कॅलिफोर्नियात भावंडांना आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली खोक्यात सापडली होती. तिथली हवा थंड, त्यांचं नशीब चांगलं. तुम्ही तरी माळ्यावर ठेवू नका.

आता किंमत. लोक काय मागतायत ते बघू नका, कितीला विकलं गेलं ते बघा, मागायला कोणाच्या बापाचं काय जातं. मोठ्या लिलाव कंपन्यांच्या साइटवर जुन्या विक्रीच्या नोंदी असतात, तोच अंक, तीच ग्रेड, तेच लेबल, शेवटच्या पाच-सहा विक्री काढा आणि तारखा जरूर बघा, कारण 2021 मध्ये भाव वेड्यासारखे चढले होते आणि नंतर बरेच खाली आले, तेव्हाचा आकडा आज दाखवून कोणी विकत असेल तर त्याला ताजे आकडे दाखवा. सीजीसीची सेन्सस यादी पण बघा, त्या अंकाच्या किती कॉप्या कुठल्या ग्रेडला नोंदल्यात ते कळतं, पण ती फक्त ग्रेड केलेल्यांची मोजणी आहे, घरोघरी किती पडून आहेत ते तिला माहीत नाही. स्लॅब करायचा खर्च आणि वाट बघणं अंकाच्या किमतीच्या मानाने परवडतंय का तेही बघा, 1991 च्या एक्स-मेनला ते सहसा परवडत नाही.

माझं ते खिडकीवालं हल्क अजून माझ्याकडेच आहे. विकताना खरं सांगावं लागेल आणि खरं सांगितलं की कोणी घेत नाही, म्हणून सुट्टा स्टॅम्प शोधतोय, चिकटवायला नाही हं, नुसता पानात ठेवायला.